मगनभाऊ दारातून उठेना

'मालिशवाली बाई' अशी कुणी हाक मारली की मी तात्काळ बहिरी होते. नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर माझं फिजिओथेरपीचं केंद्र आहे. पाटीवरचं नाव इतकं लांब आहे की रिक्षावाले ते वाचून होईपर्यंत पुढच्या चौकात पोचतात. पण 'हातपाय डॉक्टर' म्हणा, बरोबर दारात आणून सोडतील. मालिश आणि माझा धंदा यांत फरक एवढाच, की मालिश करताना काम करणारा घाम गाळतो आणि गिऱ्हाईक झोपतं. माझ्याकडे घाम गिऱ्हाइकाला येतो. झोप मला येते, पण मी ती दाखवत नाही.

माझी बरीचशी गिऱ्हाइकं लकव्याची. मेंदूचा एखादा भाग रक्त न मिळाल्याने बंद पडतो आणि अर्धं अंग संपावर जातं. मग शेजारच्या शिल्लक भागाला ते काम नव्याने शिकवायचं, हा माझा उद्योग. मेंदू शिकतो, हे खरं. काय शिकेल, ते मात्र सांगता येत नाही. नवापूरकडच्या डोंगरातली एक बाई होती, चर्चमध्ये गाणारी. लकव्याने तिचं बोलणं गेलं, पण गाणं राहिलं. बोलणं परत येईपर्यंत ती सुनेकडे मीठसुद्धा भजनाच्या चालीवर मागायची आणि सून बिचारी हात जोडून मीठ द्यायची. विसरवाडीच्या एका ट्रक ड्रायव्हरचा डावा पाय 'उचला' म्हटलं की ढिम्म हलत नसे. एक दिवस चिडून मी म्हटलं, "क्लच दाबा!" पाय असा खाली गेला की माझं स्टूल उलटलं. पुढे तो माझ्या माडीवर गिअर टाकत टाकत चालायला लागला. वळताना हॉर्नही द्यायचा.

हे दोघं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचा सगळा प्रकार घडला.

जगन आबा नंदुरबारजवळच्या एका खेड्यातले. उमेदीची वर्षं त्यांनी नवापूरच्या पोल्ट्रीत काढली आणि निवृत्त झाल्यावर काय करावं, तर घरामागे स्वतःच्या गावरान कोंबड्या पाळल्या. एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगाला लकवा मारला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय थोडा ओढत का होईना, चालत होता. हात लोंबत होता.

मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा ओट्यावर जोरात व्यायाम चालला होता. आबांची बायको सुमनआजी त्यांचा हात वर-खाली करत होती, मुलगा भटू मोजत होता आणि नात हर्षदा तेल चोळत होती. माझं मन भरून आलं. जवळ जाऊन पाहिलं तर तो डावा हात होता.

"आजी, लकवा उजव्या हाताला आहे ना?"

"हा ना!" आजी म्हणाल्या.

"मग व्यायाम डाव्याला का?"

"हाऊ हात आयकस, बाई. तो आयकत नही." उजव्या हाताकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जशी शाळेतून पळून आलेल्या पोराकडे पाहतात. "आनि त्याले बरं नही, त्याले आराम नको का?"

उजवा हात खरंच आरामात होता. त्याच्याखाली नक्षीची उशी होती आणि माश्या बसू नयेत म्हणून वर रुमाल होता. माझ्या धंद्यात लकव्यानंतरचा मोठा शत्रू म्हणजे प्रेम. माया करणारी माणसं पेशंटला काही करू देत नाहीत. घास भरवतात, गुंड्या लावतात, चहाची बशी तोंडाशी धरतात. आणि मेंदू समजतो की या हाताची आता गरज उरली नाही.

मी बसले, चहा घेतला आणि त्या ओट्यावर माझं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान दिलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात, पण एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीकशी फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. हा निरोप्या. पलीकडच्या पेशीच्या भिंतीला या निरोप्यासाठी दारं असतात. काही दारं साधी. निरोप्याने हात लावला की उघडतात. काही दारं मात्र खाष्ट. त्यांच्यात मॅग्नेशियमचा कण अडकून बसलेला असतो. निरोप्याने नुसतं ठोठावून तो हलत नाही. बाहेरून निरोप यायला हवा आणि त्याच वेळी पेशी आतूनही पुरेशी चेतलेली हवी. दोन्ही एकदम झालं, तरच तो बाजूला होतो. मग आत कॅल्शियम घुसतं आणि हुकूम सुटतो: या वाटेवर वर्दळ आहे, इथे साधी दारं वाढवा! दारं वाढली की पुढच्या वेळी तोच निरोप सोपा जातो. शिकणं म्हणतात ते हेच.

एक कोंबडी तेवढी बोलली.

मी आवाज बदलला. "समजा, मिरचीची वखार आहे. दारात स्टुलावर एक जाडजूड वॉचमन बसलाय. मगनभाऊ. बाहेरून गिऱ्हाईक ओरडतंय, मगनभाऊ उठत नाही. आतून शेठ ओरडतोय, मगनभाऊ उठत नाही. पण दोघं एकाच वेळी ओरडले, तर?"

"उठी ना मग! जाई कोठे?" भटू म्हणाला.

"तसं आहे. मी आबांचा हात हलवला तर ते फक्त बाहेरून ओरडणं झालं. आबांनी नुसतं मनात म्हटलं, तर फक्त आतून. आबांनी स्वतः जिवाच्या आकांताने हलवायला बघायचं आणि त्याच वेळी हाताला खरं काम द्यायचं. पुन्हा पुन्हा."

आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांची जीभ अजून जड होती. "हाऊ मगन... मन्हा डोकामा बठेल शे?"

"असे पुष्कळ बसलेत."

"फुकट?" आबा म्हणाले.

पुढच्या खेपेला गेले तर आबांसमोर मंच्युरियनची प्लेट. भटूने मोबाइलवर ग्लुटामेट शोधलं होतं आणि त्याला कळलं होतं की चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड टाकतात ती तीच. माहिती चूक नव्हती, म्हणून मला आणखी राग आला. रोज संध्याकाळी तो नंदुरबारहून पार्सल आणत होता आणि गाडीवाल्याला बजावत होता, "पूड जास्ती टाक, लकवा शे."

मी सांगितलं की पोटातलं ग्लुटामेट मेंदूत शिरत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना कडक पहारा असतो. मेंदू आपलं ग्लुटामेट आपल्या घरीच तयार करतो. आणि रक्तदाबाच्या माणसाला एवढं मीठ म्हणजे पुढच्या झटक्याला आमंत्रण. आजन्म भाकरी-ठेच्यावर वाढलेल्या आबांनी माझ्याकडे डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. "बंद कर बाई," ते म्हणाले, "पन सावकाश कर."

मी जाहीर केलं की शेवटची एक प्लेट मिळेल, कमी मिठाची, पण उजव्या हाताने. हर्षदाने शिवलेली जाड कापडी पिशवी डाव्या हातावर चढवली आणि दोरी बांधली. ही आमची खरी पद्धत आहे. चांगला हात बांधायचा, म्हणजे आजाऱ्याला कामावर यावंच लागतं. उजव्या हाताने आबांनी काटा धरला. घाम फुटला. तोंडाकडे, कपाळाकडे आणि शेवटी तोंडात असा मंच्युरियनचा एक गोळा प्रवास करून आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता काटा खाली ठेवा," मी म्हटलं.

आबा प्रयत्न करत होते. काटा सुटेना. लकव्यानंतर बऱ्याचदा असं होतं. मूठ मिटणारे स्नायू आधी जागे होतात आणि आखडून बसतात, उघडणारे मागे राहतात. जितका जोर लावावा तितकी मूठ आवळते. शेवटी आबा काट्यासकट कोंबड्यांना बघायला निघून गेले.

त्या दिवशी हर्षदा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. भटू सुरतेला कामाला होता त्या वर्षांत ती आबांकडेच वाढलेली. आबांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेली, त्यांच्याबरोबर कोंबड्यांना दाणे टाकत मोठी झालेली. आता तिचं लग्न जमत होतं.

"बाई, आबांना काय हवंय माहीत आहे? त्यांनी मला एकटीला सांगितलं. म्हणाले, बाकी बरा नही झाऊ तरी चाली. तुन्हावर उजवा हातनी अक्षदा टाकनी शे."

डाव्या हाताने आमच्याकडे अक्षता टाकत नाहीत. आणि अक्षता टाकायच्या म्हणजे धरायचं नसतं, सोडायचं असतं. नेमकं तेच त्यांना येत नव्हतं. मी माझ्या खणखणीत आवाजात म्हटलं, "टाकतील!" रिक्षात बसल्यावर मला घाम फुटला.

मध्येच सुपारीचा कार्यक्रम आला. वराचे वडील मोतीलालभाई. मूळचे आपल्याकडचेच, पण सुरतेत बस्तान बसलेले, त्यामुळे दर दोन वाक्यांत एकदा 'अमारा सुरतमां' यायचंच. त्यांचा हट्ट होता की लग्न सुरतेच्या हॉलमध्येच. आबांना तेवढा प्रवास झेपणार नव्हता, पण मुलीकडची माणसं काय बोलणार? मी पाहुणी म्हणून हजर होते आणि पुढचं सगळं या डोळ्यांनी पाहिलं.

मोतीलालभाईंनी निघताना आबांसमोर हात केला. आबांनी धरला. आणि मूठ आवळली.

मोतीलालभाई हसले. आबाही हसले. हात सुटेना. आबांना शरम वाटली, बोलावं तर जीभ अडखळली, म्हणून ते नुसते टक लावून बघत राहिले. शरमेने माणूस जोर लावतो आणि जोर लावला की मूठ आणखी आवळते, हे मी मघाशी सांगितलंच. मोतीलालभाईंचं हसू हळूहळू उतरलं.

"आबा, हॉल मोठो छे, एसी शे..."

आबा बघत राहिले.

"म्हंजे तुमचं मन नही का?"

आबांच्या कपाळावर घाम आला. मोतीलालभाईंच्याही.

"बरं! बरं आबा! लगीन तुमना दारमा! आणि डीजे बी नही! सोडा आते!"

मी पुढे होऊन आबांचं मनगट खाली वाकवलं. मनगट वाकलं की बोटं सैल पडतात, ही आमच्या धंद्यातली युक्ती आहे. हात मोकळा झाला. मोतीलालभाई बोटं मोजत गाडीत बसले. गाडी वळणाआड जाते न जाते तोच सुमनआजींनी मला कोपऱ्यात घेतलं.

"बाई, हात इतल्यात बरा करू नको. जेवनमा काय करानं ते ठरानं बाकी शे."

पण आबांना हात सोडायला शिकायचंच होतं. मुठीत तांदूळ द्यायचे आणि 'टाका' म्हणायचं, असा सराव आम्ही सुरू केला. तांदूळ मुठीतच राहायचे, घामाने भिजायचे. एका सकाळी मी पोचले तेव्हा आबा घरामागे उभे होते, उजव्या मुठीत दाणे, भोवती कोंबड्या. आबांनी तोंडाने आवाज काढला, "टी... टी टी टी!" आणि हात असा फिरला, मूठ अशी उघडली, की दाणे अर्ध्या अंगणात पसरले.

मी नाचले. खोटं सांगत नाही, कोंबड्यांच्या मध्ये नाचले. जन्मभराची सवय! ती हाक, तो कोंबड्यांचा गलका, आणि आतून आबांची हौस. बाहेरचं आणि आतलं एकदम! घरात बातमी गेली की मगनभाऊ उठला. आजींनी त्याच्या नावाने नारळ फोडला. तो देव नाही, मॅग्नेशियम आहे, हे मी सांगून पाहिलं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "उठना ना? मग झाय!"

मी नियम घालून दिला. रोज सराव करायचा, पण जागा बदलून. ओट्यावर करा, देवळात करा, चार माणसांत करा, बसून करा, उभ्याने करा. घरच्यांनी माना डोलावल्या. आबांना मात्र माणसांची लाज वाटायची. "लोके देखतस," ते म्हणायचे. कोंबड्या बघतात त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यामुळे सगळा सराव घरामागेच झाला. मी गेले की मला तोच खेळ दाखवायचे, मी टाळ्या वाजवायचे आणि चहा पिऊन परत यायचे. कोंबड्या इतक्या माजल्या की आबा संडासला निघाले तरी मागे मिरवणूक निघायची.

लग्नाच्या दिवशी दारात मांडव. एवढ्या वऱ्हाडात पायात येतील म्हणून भटूने सगळ्या कोंबड्या सकाळीच खुराड्यात कोंडल्या. आबा नव्या पांढऱ्या टोपीत, पुढच्या ओळीत, उजव्या मुठीत अक्षता घेऊन. मी बरोबर मागे.

पहिलं मंगलाष्टक झालं. 'सावधान!' मांडवभर अक्षतांचा पाऊस. आबांचा हात वर गेला. मूठ मिटलेली.

त्या क्षणी मला विसरवाडीचा ड्रायव्हर दिसला. क्लच! आबांचा मेंदू मूठ उघडणं शिकलाच नव्हता. तो 'कोंबड्या आल्या की मूठ उघडणं' शिकला होता, आणि ते उत्तम शिकला होता. त्याने दारं बसवली होती ती कोंबड्यांच्या गल्लीत. मंगलाष्टकाच्या गल्लीत मगनभाऊ स्टुलावर मांडी घालून बसला होता.

दुसरं झालं. तिसरं झालं. आबांच्या मानेवरून घाम वाहायला लागला. मी कानाशी कुजबुजले, "मनगट सैल, आबा, मनगट खाली." पण तेवढ्या माणसांत, तेवढ्या आवाजात त्यांचा सगळा हात लाकूड झाला होता. शेजारच्या कुणीतरी दयेने म्हटलं, "आबा, डावा हातनी टाकी द्या, कोनी काही म्हनत नही." आबांनी डावा हात खिशात खुपसला.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट खाली आला. बँडवाल्यांनी गाल फुगवले. आबा तसेच उभे, मूठ वर धरून, नातीकडे बघत. ते रडत नव्हते. त्यांची नुसती हनुवटी हलत होती. आणि मी, नंदुरबारची हातपाय डॉक्टर, पदराचं टोक चावत होते.

हर्षदाने हातातला हार खाली केला. तिने आबांकडे पाहिलं, मग मांडवात नजर फिरवली आणि मान वळवून घरामागे खुराड्याकडे बघितलं. या पोरीला काय कळलं ते मला माहीत नाही. पण गुरुजींच्या तोंडासमोरचा माइक तिने आपल्याकडे ओढला आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरीने, भर मांडवात, लाउडस्पीकरवर हाक दिली:

"टी... टी टी टी टी!"

बँडवाल्यांचे गाल फुगलेलेच राहिले. खुराड्यातून सगळ्या कोंबड्यांनी एकदम ओ दिली. आणि आबांचा हात फिरला! खांद्यापासून, कोंबड्यांना टाकतात तसा लांब आणि पसरट. मूठ उघडली. घामेजलेल्या अक्षता नवरीवर पडल्या, नवऱ्यावर पडल्या आणि आश्चर्याने उघड्या राहिलेल्या गुरुजींच्या तोंडातही काही गेल्या. उघडा तळहात आबांनी तसाच वर धरला. पाचही बोटं वेगवेगळी दिसत होती.

सुमनआजी किंचाळल्या, "उठना रे उठना! मुडदा मगन उठना एकदाना!"

मागच्या ओळीतले एक गृहस्थ, नाव योगायोगाने मगन, गोरेमोरे होऊन खुर्चीतून उठून उभे राहिले.

आधी वराकडची एक म्हातारी हसली, मग सगळा मांडव. हर्षदा आबांच्या पायाशी वाकली आणि वर उठताना त्यांच्या कानात पुन्हा एकदा हळूच 'टी टी' म्हणाली. आबांची रिकामी मूठ पुन्हा उघडली. दोघं लहान पोरांसारखी हसत सुटली.

मग मोतीलालभाई आले. त्यांनी आधी लांबूनच नमस्कार केला. मग सगळे बघताहेत म्हणून मन घट्ट करून हात पुढे केला. आबांनी तो धरला.

आणि सोडला नाही.

मोतीलालभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले, मनगट वाकवायला. हर्षदाने तोंडाशी हात नेला, हाक द्यायला. आबांनी दुसऱ्या हाताने दोघींना थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. या येळले मगन नही," ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होते. "या येळले मी धरेल शे. व्याही, मन्ही पोर संभाळशात ना?"

"संभाळसूत, आबा."

आबांनी आणखी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग, कुणीही हाक न देता, कोंबड्या गप्प असताना, एकेक बोट करून त्यांनी हात सोडला.